जुन्या खेळातले जुने घर

सास्तूर परिसरात काळाची मोजणी दोन भागांत होते: भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. लग्ने, मुलांचे जन्म, जमिनीचे व्यवहार, दुकानातील भागीदारी, सारे काही एका रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे सांगितले जाते. ही रेघ ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ओढली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावोगावची माणसे उशिरा झोपली होती. जैन घरांत दशलक्षण पर्वाचा तो अखेरचा दिवस. अनेकांचे उपवास होते आणि पारणे सकाळी व्हायचे होते. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील बावन्न गावे त्या पहाटे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे दगावली. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले आणि आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या गावांपैकीच एक.

या भागातील जुनी घरे काळ्या दगडाची असत. मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात असे घर थंडगार राही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर पडे आणि पिढ्यानुपिढ्या ते ओझे वाढत जाई. जमीन हलली तेव्हा भिंतीतले दगड निसटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

बाजारपेठेत भुसार मालाचे व आडतीचे दुकान चालविणाऱ्या एका सैतवाल जैन कुटुंबाचे घर असेच होते. पुढे दुकान, मागे चौक, चौकाच्या दोन्ही अंगांस सोपे, आत देवघर व स्वयंपाकघर आणि दुकानावर माडी. त्या पहाटे या घरातील कर्ते गृहस्थ आणि त्यांची एकोणीस वर्षांची कन्या गेली. पत्नी आणि थोरला मुलगा चौकात झोपल्यामुळे वाचले. धाकटा मुलगा चौदा वर्षांचा होता आणि सोलापुरात वसतिगृहात राहून शिकत होता. चौथ्या दिवशी त्याला गावी आणले तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. घराचे एकही छायाचित्र उरले नाही. पुढे नव्या जागेवर नवे सास्तूर वसले, सरळ रस्ते आखले गेले, सिमेंटची घरे उभी राहिली. थोरल्याने दुकान पुन्हा उभे केले. धाकटा अभियंता होऊन पुण्यास स्थिरावला आणि २०२१ च्या मे महिन्यात आजारपणात निवर्तला.

त्याची एक पत्र्याची पेटी सास्तूरच्या घरी आली होती. तीन वर्षे ती कोणी उघडली नाही. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत थोरल्याच्या मुलीने ती उघडली. ती सोलापुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुस्तके, गुणपत्रिका व जुनी पत्रे यांच्या तळाशी तिला एक सीडी सापडली. तिच्यावर काळ्या पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. वरच्या ओळीत ‘क्वेक’ आणि खाली ‘घर, सास्तूर, २०००’.

क्वेक हा संगणकावरचा बंदूकबाजीचा खेळ आहे. खेळणाऱ्याला पडद्यावर स्वतःचे शरीर दिसत नाही. जे दिसते ते त्याच्या डोळ्यांना दिसेल तसे दिसते, आणि समोर येणाऱ्या राक्षसांना मारीत तो पुढे सरकतो. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने तो २२ जून १९९६ रोजी प्रसिद्ध केला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थच हादरा, भूकंप असा आहे. सास्तूरच्या पोराने नेमका हाच खेळ निवडावा, याचे घरच्यांना आधी नवल वाटले आणि मग थोडे वाईटही वाटले. परंतु निवडीचे कारण नावात नव्हते. याच कंपनीचा आधीचा प्रसिद्ध खेळ डूम हा डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे भूकंपानंतर दहा आठवड्यांनी निघाला होता. त्यातील जग खोल भासत असले तरी त्याचा आराखडा सपाट कागदासारखा होता. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली त्यात बांधता येत नसे. क्वेकमध्ये ते शक्य झाले. ज्याला दुकान आणि त्यावरची माडी बांधायची होती, त्याला क्वेकच हवा होता.

खेळ विकत घेणाऱ्यांना स्वतःचे नकाशे तयार करता यावेत, अशी सोय त्यात होती. जगभरच्या हौशी मुलांनी त्यासाठी भुयारे आणि किल्ले बांधले. या मुलाने पुण्यातील वसतिगृहात, मित्राच्या संगणकावर, दोन वर्षे सुट्या-सुट्यांतून आपले पडलेले घर बांधले. सीडीवर नकाशाबरोबर एक साधी मजकुराची फाइलही होती. त्यात रोमन अक्षरांत मराठी टिपणे होती: चौक किती खणांचा, जिन्याला पायऱ्या किती, देवळी कोणत्या भिंतीत, माळवदातून उजेड कोठे पडे. प्रत्येक मापापुढे ते कोणाला विचारून घेतले, हेही टिपलेले होते. कोठे ‘आई’, कोठे ‘दादा’, कोठे ‘आठवणीतून’. आडतीच्या दुकानात वाढलेल्या मुलाला नोंदीपुढे साक्ष हवी, हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

मुलीने ठरविले की हे घर आजीला दाखवायचे. आजी ब्याऐंशी वर्षांची होती.

काम वाटले तितके सोपे निघाले नाही. पहिली अडचण अशी की नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची जागाच नसते. सोलापुरातील एका मैत्रिणीकडून बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह आणला. चोवीस वर्षांची सीडी काही ठिकाणी वाचली जाईना. ती पुसून, पुन्हापुन्हा लावून, अखेर सर्व फाइली उतरल्या. दुसरी अडचण खेळाच्या मूळ प्रोग्रॅमची. १९९६ चा क्वेक डॉस या जुन्या कार्यप्रणालीसाठी लिहिला होता. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजला त्या काळची भाषा कळतच नाही. प्रोग्रॅम सुरू करताच तो या संगणकावर चालणार नाही, एवढा निरोप मिळतो.

यावर एक उपाय २००२ पासून उपलब्ध आहे. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो आणि जुना प्रोग्रॅम त्या सोंगालाच खरे मानून चालू लागतो. मुलीने तो वापरून पाहिला. खेळ सुरू झाला. पण चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, भरड्या पोतासारखे दिसे आणि वळताना अडखळे. आजीच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यात काही दिसले नसते. मग सीडीवरचीच दुसरी आवृत्ती तिने लावून पाहिली. चित्रे रंगविणाऱ्या खास कार्डाचा उपयोग करून घेणारी ही आवृत्ती १९९७ मधली. ती उघडताक्षणीच बंद पडू लागली. कारण समजले तेव्हा थोरल्या भावाला हसू आले. हा जुना प्रोग्रॅम सुरू होताना चित्राच्या कार्डाला विचारतो की तुला काय काय येते, आणि आलेले उत्तर ठरावीक आकाराच्या जागेत लिहून ठेवतो. १९९७ मध्ये ते उत्तर दोन-चार ओळींचे असे. आजच्या कार्डाची यादी पानभर लांब असते. ती त्या जागेत मावत नाही, शेजारच्या नोंदींवर सांडते आणि प्रोग्रॅम कोसळतो. ज्याने कीर्दवहीच्या अरुंद रकान्यात मोठी रक्कम कोंबताना शेजारचा रकाना बिघडविला असेल, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

खरा मार्ग २१ डिसेंबर १९९९ रोजीच मोकळा झाला होता. त्या दिवशी इड सॉफ्टवेअरने क्वेकची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला वाचता येण्याजोगा मजकूर, सर्वांसाठी खुली केली. कंपनीचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांचा तसा शिरस्ताच होता. डूमची संहिता त्यांनी १९९७ च्या डिसेंबरात अशीच खुली केली होती. क्वेकची संहिता जीपीएल या परवान्याखाली दिली गेली. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची संहिताही त्याच अटीवर द्यावी, असा या परवान्याचा आशय. त्यामुळे एकाने केलेल्या दुरुस्तीवर दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कामावर तिसऱ्याने भर घातली. क्वेकस्पाझम हा त्या परंपरेतला एक नवा प्रोग्रॅम. तो आजच्या विंडोज, लिनक्स आणि मॅक यंत्रांवर चालतो. लांब यादीची अडचण त्याने दूर केली आहे, रुंद पडद्यावर चित्र ताणले जात नाही, आणि मूळ खेळाची चाल बिघडू नये म्हणून सेकंदाला ७२ चित्रांची जुनी मर्यादाही त्याने पाळली आहे.

येथे एक गोष्ट व्यापारी घरांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनीने संहिता खुली केली, पण खेळातील चित्रे, आवाज आणि स्वतःचे नकाशे खुले केले नाहीत. ते आजही विकत घ्यावे लागतात. दुकानाची तराजू-मापे कशी घडवावी हे जगाला सांगून टाकले, पण कोठारातला माल विक्रीचाच ठेवला, असा तो व्यवहार आहे. विनामूल्य वाटलेल्या पहिल्या भागावर बाहेरचे नकाशे चालत नाहीत. त्यासाठी पूर्ण खेळ लागतो. पेटीतली सीडी हाताने लिहिलेली होती. ती वसतिगृहात कोणाकडून तरी उतरवून घेतलेली प्रत असणार, हे उघड होते. मुलीला त्यात काही अडचण वाटली नाही. थोरला भाऊ मात्र म्हणाला, “नकाशा आपला आहे, तो आपला. बाकीचा माल त्यांचा आहे. आधी विकत घे, मग लाव.” त्याने पैसे दिले. २०२१ मध्ये खेळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा तो नव्या रूपात पुन्हा बाजारात आला आहे, आणि संगणकासाठीच्या त्या विक्रीबरोबर जुन्या खेळाच्या मूळ फाइलीही मिळतात. त्या फाइली, मोफत क्वेकस्पाझम आणि काकाचा नकाशा, अशा तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये जमल्या.

तरीही आजीला दाखविण्याआधी घरात एक प्रश्न उरला. हा मारामारीचा खेळ. ज्या घरात चातुर्मासात कंदमुळे येत नाहीत आणि सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, तेथे बंदूक हातात धरून फिरायचे कसे? खेळातला राक्षस खरा नसतो, हे उत्तर जैन घरात पुरेसे ठरत नाही. थोरल्या भावाने मुलीला यशोधर राजाची कथा सांगितली. राजाने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून बळी दिला. रक्त सांडले नाही. तरी मारण्याचा संकल्प झाला होता, म्हणून त्याला आणि त्याच्या मातेला पुढे कित्येक जन्म पशुयोनीत दुःख भोगावे लागले. ही कथा शतकानुशतके मंदिरात ऐकलेल्या समाजाला पडद्यावरच्या हिंसेचा विचार मुळातच करता येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलीने ऐकून घेतले आणि नकाशाची फाइल उघडून दाखविली. अशा फाइलीत कोणता प्राणी कोठे उभा आहे, याची एकेक नोंद असते. काकाच्या फाइलीत भिंती होत्या, दिवे होते, दारे होती, आणि माणूस जेथून चालू लागतो ती एक जागा होती. शत्रू एकही नव्हता. हातातली बंदूक पडद्यावरून काढून टाकण्याची आज्ञाही मूळ खेळातच आहे. ती तिने दिली. मग रिकामे घर आणि त्यातून हिंडणारी नजर एवढेच उरले. वडिलांनी मान डोलावली.

एका दुपारी, दुकान बंद असताना, आजीला पडद्यासमोर बसविले. आधी पडद्यावर नकाशाचे नाव उमटले, ‘घर’. मग दुकानाची पुढची बाजू दिसली. क्वेकमध्ये रंग मुख्यतः तपकिरी आणि करडे आहेत. समीक्षकांनी त्याला उदास म्हटले असेल. काळ्या दगडाच्या आणि शेणामातीच्या भिंतींना ते रंग मात्र चपखल बसले होते. मुलगी कळ दाबून हळूहळू आत चालू लागली. चौकात माळवदाच्या झरोक्यातून उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता. त्या काळी नुसत्या दिव्यांचा आणि सावल्यांचा हिशेब करायला संगणक रात्रभर चाले, असे टिपणात लिहिलेले होते.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे दार एवढं उंच नव्हतं गं. इथं वाकावं लागायचं. तुझ्या आजोबांना तर रोज लागायचं.”

त्याचेही कारण टिपणात सापडले. क्वेकमधला माणूस ५६ मापे उंच आणि ३२ मापे रुंद असतो. काकाने एका फुटाला दहा मापे धरली होती; म्हणजे उंची साडेपाच फुटांहून किंचित अधिक. या खेळातल्या माणसाला वाकता येत नाही आणि अंग चोरून शिरताही येत नाही. देवघराचे खरे दार साडेचार फूट उंच आणि अडीच फूट रुंद होते. तसेच बांधले असते तर आत जाताच आले नसते. म्हणून त्याने दार सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद केले आणि पुढे लिहून ठेवले: ‘खरे दार लहान. येथे वाकत होतो.’ आजीने ते दोनदा वाचून घेतले.

त्यानंतर ती दुरुस्त्या सांगू लागली. जाते स्वयंपाकघरात नव्हते, सोप्यात होते. पाण्याच्या घागरी डाव्या हाताला. देवळीत पणती असे, समई नसे. मुलगी कागदावर लिहून घेत होती. जिन्याने माडीवर गेल्यावर डाव्या बाजूला वडिलांच्या वह्यांची खोली होती. उजव्या बाजूला एक दार होते. ते उघडेना. मुलीने वारंवार प्रयत्न केला. मग ध्यानात आले की त्यामागे खोलीच बांधलेली नव्हती. ते भिंतीवर लावलेले दाराचे चित्र होते.

“हे का बंद?” आजीने विचारले.

मुलीने टिपण शोधले. तेथे लिहिले होते: ‘ताईची खोली. मी वसतिगृहात असताना केली, आतून नीट पाहिली नाही. आईला विचारायचे. आत्ता नको.’

‘आत्ता नको’ हे २००० मध्ये लिहिलेले होते. त्यानंतर एकवीस वर्षे तो दर दिवाळीला सास्तूरला येत होता. त्याने कधीही विचारले नाही, आणि आईनेही आपणहून त्या खोलीचा विषय काढला नाही. एकमेकांना दुःख होऊ नये म्हणून दोघांनी जपलेले ते मौन होते. अशी मौने भूकंपग्रस्त गावांत पुष्कळ घरांतून आहेत. त्यांत माया असते. परंतु ज्या माणसाला सांगायचे, ते माणूस एक दिवस निघून जाते आणि सांगायचे राहून जाते.

आजी त्या दिवशी उठून गेली. दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर तिने नातीला हाक मारली आणि म्हणाली, “बस. लिहून घे.” १९९२ च्या दिवाळीनंतर माडीवर फळ्यांची आडभिंत घालून ती खोली केली होती. दहा फूट लांब, सात फूट रुंद. रस्त्याकडे एक खिडकी, तिला हिरवा रंग. खिडकीखाली शिवणयंत्र, उजेड डाव्या हाताने यावा म्हणून आडवे ठेवलेले. भिंतीत एक कोनाडा, त्यात रिळे आणि आरसा. त्या पहाटे ती मुलगी खाली चौकात झोपणार होती. उपवासाने थकल्यामुळे वर जाऊन झोपली. हे वाक्य आजीने एकतीस वर्षांत प्रथमच उच्चारले.

काकाने सीडीवर नकाशाचा मूळ मजकूरही ठेवला होता, म्हणून ही खोली बांधता आली. खेळात चालणारी नकाशाची फाइल ही शिजलेल्या अन्नासारखी असते. तिच्यातून पुन्हा धान्य काढणे कठीण. मूळ फाइल मात्र साध्या मजकुराची असते: प्रत्येक दगडाचे, प्रत्येक फळीचे कोपरे आकड्यांत लिहिलेले. ती ट्रेंचब्रूम नावाच्या आजच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सरळ उघडली. तीन दिवसांत मुलीने आडभिंत, खिडकी आणि कोनाडा बांधला. दिवे-सावल्यांच्या ज्या हिशेबाला काकाला रात्र लागे, तो आता काही सेकंदांत झाला. हिरवा रंग खेळाच्या तपकिरी साठ्यात नीट मिळेना. तो तिने स्वतः तयार केला. टिपणांच्या फाइलीत तिने नव्या ओळी भरल्या आणि प्रत्येक मापापुढे काकाच्याच पद्धतीने ‘आजी’ असे लिहिले.

हे सारे पाहताना आपल्याच परंपरेतील एका मोठ्या कार्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, जिवापाड जपली गेली होती. दर्शन होत होते, पूजा होत होती; वाचणारे मात्र विरळ होत चालले होते. मुंबईचे सेठ माणिकचंद, सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद अशा व्यापारी मंडळींनी ध्यास घेतला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला होऊ लागल्या. नागरी लिपीतील प्रतींवरून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे सोळा भागांत ते कार्य पूर्ण झाले. पवित्र ग्रंथ आणि एक खेळ यांची तुलना कोणी करणार नाही. परंतु जपण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते. कुलूप लावून ठेवल्याने वस्तू शिल्लक राहते. ती कळावी म्हणून कोणीतरी वेळेत नव्या लिपीत उतरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी जुनी लिपी जाणणारा माणूस हयात असावा लागतो.

सास्तूरच्या याच दुकानात दुसरे एक उदाहरण आहे. भूकंपानंतर १९९४ मध्ये नव्याने सुरू केलेली खातेवही लाल कापडात बांधलेली आहे. ती आज कोणीही उघडून वाचू शकतो. शाई थोडी फिकट झाली आहे इतकेच. पुढे १९९८ ते २००३ या वर्षांचा हिशेब संगणकावर, डॉसवरील एका प्रोग्रॅममध्ये होता. त्याच्या फ्लॉप्या कपाटात व्यवस्थित रचलेल्या आहेत. त्या वाचणारे यंत्र घरात नाही, प्रोग्रॅम तयार करून देणाऱ्याचा ठावठिकाणा नाही, आणि त्याची संहिता कोणापाशीही नाही. पाच वर्षांचा हिशेब जपलेला असून वाचता येत नाही. खेळ मात्र अठ्ठावीस वर्षांनी उघडला, कारण त्याच्या मालकाने संहिता खुली केली होती आणि नकाशा करणाऱ्याने मूळ मजकूर व टिपणे मागे ठेवली होती.

आपल्या घराघरांत आज असा ऐवज आहे. लग्नाच्या चित्रफिती, वडीलधाऱ्यांच्या आवाजातली स्तोत्रे, दुकानाचे जुने हिशेब, बंद पडलेल्या भ्रमणध्वनीतील छायाचित्रे. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दोन-तीन ठिकाणी प्रत असावी. तयार वस्तूबरोबर ती ज्यातून तयार झाली ते मूळही ठेवावे. साध्या मजकुराला आणि सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपाला प्राधान्य द्यावे. पाच-सात वर्षांनी एकदा सर्व उघडून पाहावे आणि नव्या साधनावर उतरवावे. व्यापारी जसा वर्षाकाठी शिल्लक माल मोजतो, तसेच हे आहे. आणि ज्या गोष्टी फक्त एखाद्या वृद्ध माणसाच्या स्मरणात आहेत, त्यांची चौकशी ‘आत्ता नको’ म्हणून पुढे ढकलू नये. विचारण्याने दुःख जागे होते हे खरे. सास्तूरच्या आजीने मात्र खोली सांगून झाल्यावर त्या संध्याकाळी अनेक वर्षांनी मुलीच्या शिवणकामाविषयी, तिच्या हट्टांविषयी, तिने शिवलेल्या पहिल्या झबल्याविषयी नातीशी सूर्यास्त होईपर्यंत गप्पा मारल्या.

सुटी संपताना मुलीने घराच्या तीन प्रती केल्या. एक स्वतःजवळ ठेवली, एक पुण्यास काकूंकडे पाठविली, आणि तिसरी दुकानाच्या कपाटात, १९९४ च्या वहीशेजारी ठेवली. तिच्यासोबत वडिलांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक कागद आहे. त्यावर प्रोग्रॅमचे नाव, फाइलींची नावे, उघडण्याची रीत क्रमाने दिली आहे, आणि शेवटी दोन ओळी: ‘हे आपले भूकंपाआधीचे घर. देवघराचे दार येथे उंच दिसते, खरे दार साडेचार फूट होते.’